महाद्वार रोडवर झूम लेन्स कशाला?

प्रश्न : दादा, मी गोकुळ शिरगावला एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे. दोन वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स मिळाल्या. रविवारी कोल्हापुरात महाद्वार रोड, रंकाळा, लक्ष्मीपुरी असं फिरून लोकांचे नकळत फोटो काढतो. फोटो स्वच्छ येतात, पण त्यात जीव नसतो. जवळ जावं तर लोक एकतर पोज देतात, नाहीतर कपाळाला आठ्या घालतात. गेल्या महिन्यात बाजारात एका भाजीवाल्या मावशींनी फोटो डिलीट करायला लावला. चार माणसं गोळा झाली. तेव्हापासून कॅमेरा उचलायला हात धजत नाही. सेटिंग काय ठेवू? फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघू का? ३५ एमएमची एफ १.८ लेन्स घेतली तर फरक पडेल का? सहा फोटो सोबत पाठवतोय. सरळ सांगा, वाईट वाटणार नाही.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : सरळ सांगा म्हणालास, तर फोटोंपासूनच सुरुवात करू.

सहापैकी पाच फोटो ५५-२५० च्या लांब लेन्सने काढलेत हे ओळखायला फाइलची माहिती उघडावी लागली नाही. रंकाळ्यावरचा भेळवाला कंबरेपासून वर दिसतो आणि त्याच्या मागे सगळा हिरवट-करडा लगदा. तो रंकाळा आहे हे तू खाली लिहिलंस म्हणून कळलं. गजरेवाल्या आजींचा चेहरा रेखीव आलाय, पण त्या कुणाशी बोलतायत, कशाला हसतायत, हे फ्रेमच्या बाहेर राहिलं. तिसऱ्यात एका बाईंची पाठ आणि अंबाडा. हातगाडीवर झोपलेल्या हमालाबद्दल पुढे बोलतो. सहावा रिक्षावाल्याचा. त्यात रिक्षाही नाही आणि रस्ताही नाही.

राहिला चप्पल लाईनमधला. तो किट लेन्सने, म्हणजे १८-५५ ने काढलेला दिसतो. दुकानदार गुडघ्यावर बसून गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल सरकवतोय. गिऱ्हाईक चपलेकडे बघतच नाही, बायकोच्या तोंडाकडे बघतंय, तिला पसंत आहे का म्हणून. आणि अगदी उजव्या कडेला, अर्धं कापलं गेलेलं एक पोरगं, बापाची काढून ठेवलेली जुनी चप्पल पायात घालून उभं आहे. तुझं लक्ष दुकानदारावर होतं, त्यामुळे पोरगं कापलं गेलं. तू हा फोटो मधेच कुठेतरी घुसडलायस, म्हणजे तुला तो फारसा आवडलेला दिसत नाही. मला सहांत हाच आवडला. एक पाऊल मागे आणि अर्धं पाऊल डावीकडे सरकला असतास, तर तो फोटो मी भिंतीवर लावला असता.

लांब लेन्स काय करते, तर एका माणसाला उचलून रस्त्यापासून वेगळं काढते. पक्ष्याचा फोटो काढताना तेच हवं असतं. रस्त्यावर मात्र गंमत असते ती दोघा-तिघांच्या मधल्या जागेत. कोण कुणाकडे बघतंय, कुणाचा हात कुठे आहे, मागच्या पाटीवर काय लिहिलंय. ते सगळं तू शंभर-दीडशे फुटांवरून पुसून टाकतोस आणि मग फोटोत जीव नाही म्हणतोस.

आता कोल्हापूरची म्हणून एक वेगळीच भानगड आहे. तू जे व्हिडिओ बघून शिकतोस ते बहुतेक मोठ्या शहरांतल्या लोकांचे. तिथे स्टेशनबाहेर कुणाच्या नाकासमोर कॅमेरा धरला तरी माणूस लोकल पकडायच्या घाईत निघून जातो. आपल्याकडे तसं नाही. पापाच्या तिकटीला तू दोन मिनिटं नुसता उभा राहिलास तरी कोणीतरी विचारणारच, ‘काय भावा, कुणाला शोधायलाईस?’ शिवाय हे गाव कॅमेऱ्याला बुजणारंही नाही. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून इथे सिनेमे काढले, प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथेच सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या शूटिंग बघितलेली माणसं आहेत ही. कॅमेरा दिसला की पळत नाहीत, उलट जवळ येतात. इथे लपून फोटो काढायचा नाद सोडून दे. लपलेला माणूस सगळ्यात आधी दिसतो, आणि दिसला की त्याच्याविषयी शंका येते.

मग नकळत फोटो मिळायचा कसा? घरी पाहुणा आला की काय होतं ते आठव. पहिली दहा मिनिटं सगळं घर त्याच्याभोवती. चहा होतो, ख्यालीखुशाली होते, आणि मग आजी पुन्हा लसूण सोलायला बसते, पोरं भांडायला लागतात, कोणी टीव्हीचा आवाज वाढवतं. पाहुणा तिथेच असतो, पण घर आपल्या कामाला लागलेलं असतं. तुला हवा तो फोटो चहानंतरचा आहे. तू चहा व्हायच्या आत उठून पुढच्या गल्लीत जातोस.

म्हणून पुढच्या रविवारी तीन ठिकाणं करू नकोस. एकच धर आणि किमान तासभर तिथून हलू नकोस. कॅमेरा पिशवीत नको, गळ्यात, समोर, सगळ्यांना दिसेल असा. आल्या आल्या माणसांवर रोखू नकोस. तराजू काढ, पाटी काढ, छपरातून आलेलं ऊन काढ. कोणी विचारलं ‘फोटो काढायलाईस व्हय?’ तर ‘व्हय, छंद आहे, बाजाराचे काढतोय’ म्हणून सांग. कुठल्या पेपरात येणार हा प्रश्न येणारच. खरं ते सांगायचं, पेपरात येणार नाही. दहावा माणूस विचारेपर्यंत आधीच्या नवांनी तुझ्या वतीने उत्तर द्यायला सुरुवात केलेली असते.

आणि ‘आमचा बी काढा की’ म्हणून कोणी उभा राहिला तर तोंड वाकडं करू नकोस, तू बहुतेक करत असणार. मनापासून त्याचा फोटो काढ. छाती काढून, मिशीवर ताव देऊन, दोन बोटं वर करून, त्याला हवा तसा. काढलास की लगेच कॅमेरा खाली घेऊ नकोस. ‘झाला’ म्हटल्यावर पोज मोडते, खांदे पडतात, शेजारचा काहीतरी टोमणा मारतो, तो लाजून हसतो किंवा शिवी हासडतो. दुसऱ्यांदा बटण दाबायचं ते तेव्हा. मग पहिला फोटो त्याला दाखव आणि तिथेच थांब. पोज देऊन झालेला माणूस पुन्हा तुझ्याकडे बघत नाही. त्याचं काम झालेलं असतं.

जागा निवडताना एकच बघ. तिथल्या माणसाचे हात कामात गुंतलेले असतात का? रिकाम्या हातांच्या माणसाला कॅमेरा लगेच जाणवतो. ज्याचे हात गुंतलेत तो मान वर करतो, बघतो, आणि परत कामाला लागतो, कारण त्याला लागावंच लागतं. या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीखाली बसून धार काढणाऱ्याला तुझ्यासाठी हात थांबवता येत नाहीत, आणि समोर ग्लास धरून उभ्या असलेल्या माणसाचे डोळे फेसावर असतात. गुजरीत दागिन्याला डाग देणारा, म्हणजे सांधा जोडणारा कारागीर दिव्याच्या पिवळ्या उजेडात मान खाली घालून बसलेला असतो. लक्ष्मीपुरीत रविवारी पोती उचलणारे, वजनं करणारे. मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असताना रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या ओळीतून माणसांचा घोळका पुढे सरकतो, तेव्हा सगळ्यांचं ध्यान भावावर असतं. (दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताच्या सौद्यांना जाऊ नकोस. त्या दिवशी हारतुरे आणि फोटोग्राफर दोन्ही जास्त असतात. एखाद्या साध्या मंगळवारी रजा टाकून जा.) गणपतीआधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पला जा. मूर्तीचे डोळे रंगवणाऱ्या माणसाला तू दिसतही नाहीस. पण आत पाऊल टाकण्याआधी विचारायचं. तो रस्ता नाही, त्यांचं कारखाना-घर आहे.

दुसरी युक्ती, सगळे एका दिशेला बघत असतील तिथे त्यांच्याकडे तोंड करून उभं राहायचं. शाहू स्टेडियमवर पेठेच्या दोन संघांची मॅच असली की सगळे फोटोग्राफर मैदानाच्या कडेला, चेंडूच्या मागे. तू पाठ फिरवून पायऱ्यांकडे बघ. गोल हुकल्यावर एका ओळीत पन्नास चेहरे असतात आणि पन्नासांतले दोन सारखे नसतात. डोक्यावर हात, दातांत रुमाल, मागच्याच्या अंगावर पडलेला आजोबा. कॅमेऱ्याकडे बघायला त्यातल्या एकालाही वेळ नसतो. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी बघायला गाव लोटतं, तिथेही तेच. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे चढायला लागली की घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर छत्र्या, रेनकोट, खांद्यावरची पोरं, आणि ‘एकोणीसच्या पुराच्या मानानं हे काहीच नाही’ म्हणून हाताने उंची दाखवणारे जाणकार. पाण्याचे फोटो सगळेच काढतात. तू बघणाऱ्यांचे काढ. ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वस्तीत पाणी शिरलं की मात्र कॅमेरा ठेवून सामान उचलू लागायचं. दारात कमरेएवढं पाणी असलेल्या माणसाचा छंदापायी फोटो काढायचा नसतो.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाशीलच, सगळे जातात. गुलालाचा ढग उडताना फोटो सुंदर येतो, फक्त तो सगळ्यांचा सारखाच येतो. सासनकाठी, म्हणजे यात्रेतली मानाची उंच काठी उतरवून झाल्यावर गुलाबी चेहऱ्याने पाण्याच्या टँकरपाशी रांगेत उभी राहिलेली माणसं बघ. आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांध, गुलाल लेन्सच्या फटीत गेला की निघत नाही.

आता सेटिंग. किट लेन्स २४ एमएमवर आण. तुझा सेन्सर लहान, म्हणून ती मोठ्या (फुल फ्रेम) सेन्सरवरच्या साधारण ३५ एमएमएवढं दृश्य देते, रस्त्यासाठी तेवढं पुरे. झूमची कडी हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लाव. कॅमेरा मॅन्युअलवर, अपर्चर (भिंगाचं तोंड) एफ ८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल ६४०० पर्यंत मोकळा. माणसं झपाझप चालत असतील तर शटर १/५००. किट लेन्सवर अंतराच्या खुणा नसतात, म्हणून साधारण अडीच मीटरवरच्या एखाद्या वस्तूवर, समज उभ्या दुचाकीच्या नंबरप्लेटवर, फोकस कर आणि लगेच लेन्सवरचं बटण मॅन्युअल फोकसला सरकव. आता अंदाजे दीड मीटरपासून सात मीटरपर्यंत जे काही येईल ते पुरेसं स्पष्ट येणार. कॅमेरा फोकस शोधत बसणार नाही, तूही नाही. बटण दाबलं की फोटो. अडीच मीटर म्हणजे किती हे डोळ्यात बसायला हवं. घरातल्या खोलीत मोजून बघ, चार-पाच दिवसांत बसतं.

संध्याकाळी उजेड गेला की हे चालत नाही. एफ ४ पर्यंत उघडावं लागतं, मग स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. तेव्हा ऑटोफोकसवर ये, मधला एकच पॉइंट ठेव. फोटोत दाणे दिसतील, दिसू देत. हललेल्या स्वच्छ फोटोपेक्षा दाणेदार स्थिर फोटो केव्हाही बरा.

कॅमेऱ्याचा स्क्रीन उघडत असेल तर पोटाशी धरून काढायचाही सराव कर. शिकागोत मुलं सांभाळायची नोकरी करणारी व्हिव्हियन मायर वर्षानुवर्षं रस्त्यावरचे फोटो काढत होती. तिची पेट्यांत पडून असलेली निगेटिव्ह २००७ मध्ये लिलावात विकली गेली, तेव्हा कुठे जगाला तिचा पत्ता लागला. तिच्याकडे बरीच वर्षं रोलायफ्लेक्स होता, छातीशी धरून वरून खाली बघायचा कॅमेरा. असा कॅमेरा रोखल्यासारखा वाटत नाही, आणि काढणाऱ्याचा चेहराही समोरच्याला दिसत राहतो. आपल्याकडे हे दुसरं फार उपयोगी पडतं. चेहरा दिसला की माणूस हसतो. काळं भिंग दिसलं की विचारात पडतो.

काही जण सांगतात, माणूस पुढे निघून गेला तरी कॅमेरा डोळ्यालाच ठेवायचा, म्हणजे त्याला वाटतं मागच्या भिंतीचा फोटो चाललाय. मला ही युक्ती आवडत नाही. कोल्हापुरात ती चालतही नाही. तो माणूस वळून भिंत बघतो, परत येतो आणि विचारतो, ‘भिंतीत काय हाय?’

सेटिंग एकदा लावली की विसर, कारण तुझ्या फोटोंचा खरा दोष पाठीमागे आहे. तू आधी माणूस शोधतोस आणि त्याच्यामागे जे येईल ते येऊ देतोस. उलटं करून बघ. आधी जागा पक्की कर: एखादी रंग उडालेली भिंत, वाड्याचं दार, दुकानाच्या फळ्या, रस्त्यावर पडलेला उन्हाचा पट्टा. फ्रेम बांध आणि माणसाची वाट बघ. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरचा १९३२ सालचा, फ्रान्समधल्या इएर गावचा फोटो शोधून बघ. वरून दिसणारा गोल वळणाचा जिना, त्याचा कठडा, आणि खालच्या गल्लीतून सुसाट जाणारा धूसर सायकलवाला. जिना आणि गल्ली जागची हलत नाहीत. सायकल गेली नसती तरी ती फ्रेम अर्धी झालेलीच होती. भवानी मंडपाच्या कमानीत उभा राहा. उन्हातून सावलीत येणारा माणूस एका क्षणी अर्धा उजेडात आणि अर्धा काळोखात असतो. तो क्षण दर मिनिटाला येतो. वीस माणसं जाऊ देत, एकविसाव्याच्या डोक्यावर फेटा असेल किंवा हातात उसाची मोळी.

उन्हाचं म्हणशील तर दुपारी घरी बसायची गरज नाही. कपिलतीर्थ मार्केटात फाटक्या ताडपत्रीतून उन्हाचे कवडसे पडतात आणि भाजीवर उजेड, माणसावर सावली असा खेळ चालतो. तिथे एक्सपोजर उजेडाच्या हिशेबाने ठेव, सावली काळी पडली तर पडू दे. निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे येतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) काढत असशील तर घरी सुधारता येतं, पण खरं तर कोपऱ्यात ताडपत्रीचा निळा तुकडा दिसू दिलास की चेहऱ्याचा निळेपणा आपोआप पटतो. संध्याकाळी अंबाबाईच्या देवळाचं महाद्वार. ते पश्चिमेला तोंड करून आहे. किरणोत्सवाला, म्हणजे नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस, मावळतीचे किरण तिथूनच आत देवीपर्यंत जातात. त्याच वेळी दर्शन करून बाहेर येणाऱ्या माणसाच्या तोंडावर समोरून ऊन पडतं. डोळे दिपतात, हात कपाळाशी जातो. तो ऊन अडवतोय की अजून नमस्कार करतोय, हे फोटोत कळत नाही, आणि कळू नये. तू बाहेर चौकात उभा राहा. देवळाच्या आत कॅमेरा काढायच्या भानगडीत पडू नकोस.

आता त्या मावशी. फोटो डिलीट केलास ते बरं केलंस. पुढेही कोणी सांगितलं तर वाद न घालता, त्यांच्या डोळ्यांसमोर करायचा. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला आपल्याकडे सरसकट मनाई नाही हे खरं आहे, पण बाजारात उभं राहून कायदा सांगणाऱ्याला बाजार काय सांगतो ते तुला ठाऊक आहे. त्यांच्या बाजूने बघ. समोरच्या फुटपाथवरून एक अनोळखी पोरगा हातभर लांब लेन्स आपल्यावर रोखून बसलाय. अतिक्रमणवाल्यांचा माणूस असेल का? उद्या गाडी येऊन टोपल्या उचलून नेईल का? नाहीतर हा फोटो मोबाइलवर कुठे कुठे फिरवेल? यातलं काहीही त्यांच्या मनात आलं असेल. तू दहा फुटांवर, किट लेन्स लावून, हातात त्यांच्याकडची मेथीची पेंडी घेऊन उभा असतास तर यातला निम्मा संशय आलाच नसता.

एखाद्या रविवारी कॅमेरा घरी ठेवून त्यांच्याकडे भाजी घ्यायला जा. ओळखतील. ‘त्या दिवशी फोटो काढला तो मीच’ म्हणून सांग. दोन-तीन रविवारी भाजी घेतलीस की त्याच म्हणतील, ‘आज न्हाई आणलास व्हय तुझा क्यामेरा?’ म्हणतीलच याची हमी नाही. नाही म्हणाल्या तर तो विषय संपला. बाजारात दुसऱ्या शंभर टोपल्या आहेत.

बायकांच्या बाबतीत लांब लेन्सचा मोह पूर्ण सोड. पाठमोऱ्या बाईंचा तुझा फोटो बघताना मला अवघडल्यासारखं झालं, त्यांना तर कळलंही नसेल. ज्या अंतरावरून ‘मावशी’ किंवा ‘ताई’ म्हणून हाक ऐकू जाते, त्या अंतरावरून फोटो काढायचा, ही माझी पट्टी आहे. लहान पोरांचे काढताना आई-बापाला नजरेने तरी विचारायचं, आणि शाळेच्या गणवेशातल्या पोरांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. झोपलेला हमाल, भिकारी, गुत्त्याबाहेर पडलेला माणूस यांचे फोटो सोपे असतात, कारण ते हरकत घेऊ शकत नाहीत. नवीन कॅमेरा घेतलेला प्रत्येक जण ते काढतो. तू तो हमाल संग्रहातून काढून टाक. दुपारी चारला तो उठून हातगाडी ओढायला लागतो, तेव्हा काढ. चढावर त्याच्या पोटऱ्या बघ.

घरी आल्यावर लगेच फोटो निवडू नकोस आणि त्याच रात्री इन्स्टावर टाकू नकोस. ज्या फोटोसाठी ऊन खाल्लं, शिव्या खाल्ल्या, तो त्या दिवशी चांगलाच वाटतो. गॅरी विनोग्रँड हा न्यूयॉर्कचा फोटोग्राफर काढलेले रोल मुद्दाम बराच काळ धुवायचाच नाही. काढतानाचा मूड निवडताना आड येऊ नये म्हणून. त्याचं टोक असं गाठलं की १९८४ साली तो वारला तेव्हा सुमारे २५०० रोल न धुतलेले निघाले. तू एक महिना थांब, एवढं पुष्कळ. मग बघताना आधी चारही कडा बघ, मधला माणूस शेवटी. तुझ्या त्या चपलांच्या फोटोसारखी पोरं कडेलाच उभी असतात.

जे फोटो चांगले निघतील त्यांच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढ आणि ज्यांचे त्यांना नेऊन दे. हे पुण्य म्हणून सांगत नाही. प्रत दिलेल्या दुकानात ती गल्ल्यामागे चिकटवली जाते, आणि पुढच्या वेळी शेजारचा विचारतो, ‘हा कोण पोरगा?’ तेव्हा उत्तर तुला द्यावं लागत नाही.

ब्लॅक अँड व्हाइट करू का म्हणतोस. रंग नडतोय म्हणून करणार असशील तर करू नकोस. हिरव्यागार कोथिंबिरीशेजारी लाल गाजर आणि पिवळी साडी यांचं भांडण सोडवता येत नाही म्हणून रंगच काढून टाकला, तर हाताशी काय उरलं? रघुवीर सिंह या भारतीय फोटोग्राफरनी आयुष्यभर रंगातच काम केलं. त्यांच्या गर्दीच्या फ्रेम्स बघ, एकात एक किती गोष्टी असतात आणि रंग त्या कशा बांधून ठेवतो. गुजरीतला कारागीर, तालमीच्या दारातली सावली, असे उजेड-काळोखावर उभे असलेले फोटो मात्र काळे-पांढरे करून बघायला हरकत नाही.

लेन्स आत्ता घेऊ नकोस. तुझ्या लहान सेन्सरवर ३५ एमएम म्हणजे फुल फ्रेमच्या साधारण पन्नासचं दृश्य. चेहऱ्यांना छान, पण महाद्वार रोडच्या गर्दीत मागे सरकायला जागा नसते आणि पुन्हा एकच माणूस फ्रेममध्ये येतो, म्हणजे तुझी जुनी खोड परत. चिकटपट्टी लावलेल्या किट लेन्सवर हा पावसाळा काढ. दिवाळीत बोनस हातात आल्यावर घ्यावीशीच वाटली तर २४ एमएमच्या आसपासची घे, पण आधी कुणाची तरी मागून एक रविवार वापरून बघ. ५५-२५० विकू नकोस, तिला किंमत येणार नाही. पहाटे रंकाळ्यावर पाणपक्षी चांगले असतात, त्यांना लांब लेन्सचं काही वाटत नाही.